बापूस काय करी होतो?

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही स्थानिक दैनिकाचे आतले पान उघडा. ‘प्रथम पुण्यस्मरण’ अशी चौकट असते आणि तीत पांढऱ्या शर्टातला, कपाळाला गंध लावलेला, कॅमेऱ्याकडे किंचित संशयाने बघणारा एक म्हातारा माणूस. खाली चार ओळी. प्रतिकूल परिस्थिती, काबाडकष्ट, मुलांचे शिक्षण, माणसांचा लोभ. त्याखाली नावांची उतरंड, मुलगे-सुना, मुली-जावई, नातवंडे, नशिबात असेल तर पतवंडेही. घरची ऐपत थोडी बरी असेल तर वर्षश्राद्धाला वीस-चोवीस पानांची स्मरणिका निघते. तीत मोठ्या मुलाचा लेख, गावच्या शाळेतल्या निवृत्त गुरुजींचे दोन शब्द, मुंबईतल्या भावकीचे मनोगत आणि शेवटी नातीची कविता.

मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या अशा स्मरणिका मी गेली काही वर्षे हाताला लागतील तशा वाचतो आहे. त्यांना कुणी साहित्य म्हणत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कुणी समीक्षकाच्या नजरेने बघत नाही. पण आयुष्यात एकदाच काही छापील लिहिणारा माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा बापावरच लिहितो. एवढी माणसे एका विषयावर लिहितात तेव्हा त्या लिहिण्याला काही रीत पडते, आणि त्या रीतीबद्दल बोलायला हवे. कारण ती रीत पुढे आत्मचरित्रांत जाते, कादंबऱ्यांत जाते, आणि उलट तिथूनही स्मरणिकेत येते.

माझी तक्रार साधी आहे. या सगळ्या लेखनात बाप कष्ट करतो, पण काम करत नाही. म्हणजे असे, की ‘कष्ट’ हा शब्द पानोपानी येतो, आणि लेख संपल्यावर त्या माणसाचा एक दिवस, उठल्यापासून निजेपर्यंतचा, आपल्याला सांगता येत नाही. तो गिरणीत होता. बरे. कुठल्या खात्यात? साचेखात्यात असेल तर किती साचे सांभाळायचा? कामाला लागला तो बदली म्हणून की कुणा जॉबरच्या ओळखीने, आणि त्या जॉबरला काय द्यावे लागले? रात्रपाळीचा असेल तर दिवसा निजायचा कुठे, कारण गावकऱ्यांच्या खोलीत पंधरा-वीस बिऱ्हाडकरू आणि जमीन तेवढीच? यातले काही लिहिलेले नसते. ‘अपार कष्ट केले’ एवढे असते. मालवणीत विचारायचे तर, बापूस काय करी होतो? याचे उत्तर ‘कष्ट’ हे नाही.

यात लिहिणाऱ्या मुलांचा आळस नाही. त्यांनी ते काम पाहिलेलेच नाही. कोकणातल्या, विशेषतः दक्षिण कोकणातल्या, दोन-तीन पिढ्यांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. बाप मुंबईत, बायको-मुले गावी, महिन्याला मनीऑर्डर. वर्षातून बाप यायचा तो गणपतीत, नाही तर शिमग्यात, नाही तर मे महिन्यात. आगबोटीने मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा, पुढे एसटी आल्यावर एसटीने, आणि १९९८ नंतर कोकण रेल्वेने. येताना ट्रंक, नवे कपडे, खाऊ. घरात त्याच्यासाठी कोंबडा कापायचा, माशातली मोठी तुकडी त्याच्या ताटात. म्हणजे मुलाने ज्या बापाला डोळ्यांनी पाहिले तो रजेवरचा बाप होता. ज्या माणसाला कष्टाळू म्हणून आपण आठवतो, त्याला आपण फक्त सुट्टीत भेटलो होतो, ही गोष्ट मला या सगळ्या लेखनातली सर्वांत दुखरी गोष्ट वाटते. आणि तीच कुणी लिहीत नाही.

दुसरी बाजूही आहे. त्याच घरात डोळ्यांसमोर जे काम चालले होते ते आईचे. मिरगाला पेरा, मग तरवा काढणे, गुडघाभर चिखलात लावणी, श्रावणात बेणणी, दसऱ्याच्या सुमारास कापणी, मळणी. त्यात गुरे, शेणगोठा, पाणी, सासू-सासरे, आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी. हे मुलाने रोज पाहिले. पण स्मरणिकेत बघा, ‘कष्ट’ बापाच्या नावावर जमा आणि आईच्या नावावर ‘मोलाची साथ’. जे दिसले नाही त्याला विशेषण मिळाले, जे दिसले त्याला एक वाक्य.

याचा पुरावा मराठी साहित्यात हवा असेल तर जरा उत्तरेला, रत्नागिरीकडे सरकावे लागेल. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन. वडील शिक्षक होते आणि लेखिका लहान असतानाच गेले. मुलांनी शिकावे हा त्यांचा हट्ट पुस्तकात ठसठशीत आहे, पण तो हट्ट म्हणून, एक आवाज म्हणून. आई मात्र काम म्हणून आहे. ती बांबूच्या सुपे, टोपल्या, रोवळ्या विणते, आणि ते विणणे इतके जवळून येते की पुस्तकाचे नावच त्यावरून पडले. आपल्या लिहिण्याची वीण आईच्या आयदानाच्या विणीशी जुळते, असे लेखिका मानते. हे उगाच सुचलेले रूपक नाही. अंगणात रोज बसून पाहिलेल्या हातांतून ते आले. समीक्षक ‘आयदान’बद्दल जात आणि स्त्रीत्व या दोन अंगांनी पुष्कळ बोलले, बोलायलाच हवे होते. मला तिथे तिसरी एक गोष्ट दिसते. घरात होणारे काम भाषेत येते आणि घराबाहेर होणारे काम भाषेच्याही बाहेर राहते.

मग सिंधुदुर्गाच्या आपल्या साहित्याने काय केले? या जिल्ह्याने मराठीला लेखक थोडे दिले नाहीत. आरवलीचे जयवंत दळवी, करूळचे मधु मंगेश कर्णिक, चि. त्र्यं. खानोलकर, देवगड तालुक्यातले विंदा, वेंगुर्ल्याचे पाडगावकर. शिरोड्यात शिक्षकी करणारे खांडेकर तर पाहुणे असूनही घरचेच. पण या लेखकांच्या कोकणात कामावर असलेला माणूस शोधायला गेलो की हात रिकामे राहतात. दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये (१९६४) माणसे आहेत, किती लोभस आणि किती तऱ्हेवाईक, पण ती मुख्यतः बोलतात. पडवीत, देवळात, वाटेवर, गजाली रंगतात. त्या पुस्तकावर माझे प्रेम आहे, दर दोन-तीन वर्षांनी मी ते काढून वाचतो, आणि तरीही वाटते की त्याच्या यशाने कोकणी माणसाची एक मूर्ती घडली, ती अजून मोडत नाही. इरसाल, तिरकस, निवांत. पु. लं.च्या अंतू बर्व्याने ती रत्नागिरीकडून आणखी पक्की केली. खानोलकरांचे कोकण याच्या अगदी उलट, ‘रात्र काळी, घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’तले, झपाटलेले, पापपुण्याने काळवंडलेले. तिथेही माणसाला काम नाही, नियती आहे. एकाने कोकणाला हसवले, दुसऱ्याने घाबरवले. महिन्याच्या दहा तारखेला दादरच्या पोस्टात मनीऑर्डरचा फॉर्म भरून घेण्यासाठी रांगेत उभा असलेला माणूस दोघांच्याही हातून निसटला.

भाषेचेही एक दुखणे आहे आणि ते आपण मालवणी लोकांनीच ओढवून घेतले. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणले आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. मालवणीला लंडनपर्यंत नेणारे नाटक, त्याचा अभिमान रास्त आहे. पण त्यानंतर महाराष्ट्राच्या कानात मालवणी बसली ती हशाची आणि शिव्यांची भाषा म्हणून. परिणाम असा, की बापावर गंभीरपणे लिहायला बसलेला मालवणी मुलगा आपोआप पुस्तकी मराठीत शिरतो. बापाच्या तोंडची वाक्ये तो भाषांतर करून घालतो. “बाळा, शिक्षण हीच खरी संपत्ती आहे,” असे एका स्मरणिकेतला रापणकार बाप म्हणतो. मालवणच्या किनाऱ्यावर कुणी बाप असे बोललेला नाही. तो काय बोलला असेल ते मालवणीत घातले असते तर वाचणारे हसतील ही भीती. बापाला मोठे करायचे म्हणून त्याची भाषा काढून घेतली, आणि भाषेबरोबर त्याच्या कामाची नावेही गेली, कारण ती नावे प्रमाण मराठीत नाहीतच. मालवणीत गंभीर कविता लिहिणारे आज आहेत, चांगले आहेत. पण गद्यात, आठवणींत, बापाच्या बाबतीत, हा संकोच अजून तसाच आहे.

मुंबईच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे वेगळे. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) आपल्यापैकी अनेकांनी पाहिले किंवा वाचले असेल. गिरणगावातली एक खोली, धुरी नावाचे कुटुंब, आई, तीन मुलगे, एक मुलगी. आडनावच सांगते की यांचे गाव खाली तळकोकणात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला आणि रीतसर कधी मागेच न घेतलेला संप, त्यातले अडीच लाख कामगार, हे सगळे त्या खोलीवर सावलीसारखे आहे. आणि गिरणीत आयुष्य काढलेला बाप रंगमंचावर नाही. पवारांनी हे जाणून केले असे मी मानतो. त्या नाटकात प्रत्येक मुलगा आपापल्या तऱ्हेने बापाच्या रिकाम्या जागेशी धडपडतो, आणि प्रेक्षकालाही तो बाप कधी दिसत नाही. स्मरणिका जी पोकळी विशेषणांनी बुजवते ती पवार उघडी ठेवतात. म्हणून ते खरे वाटते.

नारायण सुर्वे यांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती नेहमी सुर्व्यांच्या बाजूने सांगितली जाते. १९२६ च्या सुमारास रस्त्यावर सापडलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले, आपले नाव दिले, चौथीपर्यंत शिकवले. त्याची बायको काशीबाई, तीही गिरणीतच. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गावी परतला आणि जाताना शाळकरी वयाच्या नारायणाच्या हातावर दहा रुपये ठेवून गेला. इथून पुढे आपण लगेच ‘ऐसा गा मी ब्रह्म’कडे (१९६२) धावतो, कारण तिथे कवी आहे. मी मात्र गंगारामापाशी थांबतो. आयुष्य गिरणीत घालवलेल्या माणसाला गावी परतताना दहा रुपयांपलीकडे मागे ठेवता येत नाही. तो क्रूर होता का? उचलून आणणारा क्रूर कसा असेल? मुंबईत खोली नोकरीवर, नोकरी सुटली की शहर सुटले, हे तेव्हाचे गणित होते. त्या दहा रुपयांत त्याच्या कामाचा सगळा हिशेब आहे. असा एक तपशील असला की ‘हलाखी’ हा शब्द लिहावा लागत नाही.

गिरणी कामगारांनी स्वतः बोलायचे कुठे? एक जागा आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (२००४) हे पुस्तक केले. ते मराठीतही आले. त्यात जॉबर, बदली, भजनी मंडळे, गावकऱ्यांच्या खोल्या, खानावळी, संघटनांची भांडणे, सगळे आहे, आणि बोलणारे अनेकजण कोकणातले आहेत. वाचताना एक विचार पाठ सोडत नाही. या बापांना आपले काम सांगायचे होते. टेपरेकॉर्डर घेऊन कुणी परका आला, त्याने नीट विचारले, आणि ते तासन् तास बोलले. घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

बापाला विचारणारा मुलगा मराठीत एक आहे आणि त्याच्यासाठी आपल्याला किनारा सोडून नाशिक जिल्ह्यात, ओझरला जावे लागते. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ मध्ये ग्रंथालीने काढले. दामोदर रुंजाजी जाधव, गावात महार म्हणून येसकरकीचे काम वाट्याला आलेला तरुण. विहिरीतल्या प्रेतावर पहारा द्यायचा आणि पोलीस आल्यावर ते बाहेर काढायचे, असा हुकूम. तो प्रेताला हात लावायला नकार देतो, मार खातो, आणि बायको सोनूला घेऊन मुंबई गाठतो. पुढे रेल्वे, मग पोर्ट ट्रस्ट, वडाळ्याची वस्ती, आंबेडकरांच्या चळवळीतला सहभाग, १९५६ चे धर्मांतर, आणि मुलांचे शिक्षण. एक मुलगा आयएएस झाला, धाकटा अर्थतज्ज्ञ.

कथानक असे सांगितले की ते स्मरणिकेचेच वाटते. प्रतिकूल परिस्थिती, कष्ट, मुलांचे शिक्षण, यश. फरक कुठे आहे? फरक वहीत आहे. निवृत्तीनंतर दामोदरांचे हात स्वस्थ बसेनात. घरातल्या चालू वस्तू उघडून दुरुस्त करण्याचा उद्योग सुरू झाला, म्हणजे त्या बिघडू लागल्या. त्यांना गुंतवून ठेवायला मुलाने सुचवले की तुमचे आयुष्य लिहून काढा. शाळेत फारसा न गेलेला माणूस वही घेऊन बसला आणि जसा बोलायचा तसा लिहीत गेला. शीर्षकातला तो ‘आन्’ तिथून आला आहे. ‘आमचे वडील आणि आम्ही’ असे नाव ठेवले असते तर ते पुस्तक मराठीतल्या शेकडो पितृचरित्रांतले आणखी एक झाले असते. मुलगा बापाची भाषा झाकत नाही, तीच कव्हरवर लावतो. मालवणी मुलांनी बघण्यासारखी पहिली गोष्ट ती.

दुसरी गोष्ट अशी, की बाप स्वतः लिहितो तेव्हा त्याला ‘कष्ट’ हा शब्द फारसा लागत नाही. तो सांगतो कोण काय म्हणाले, कुणी कुठे उभे केले, पैसे किती, नोकरी कशी लागली आणि कशी सुटली. अपमानाचे वर्णनही तो कृतीने करतो. आपण फार सोसले हे त्याला सिद्ध करायचे नाही, आपण काय ठरवले ते सांगायचे आहे. स्मरणिकेतला बाप सोसतो, दामोदर ठरवतो. प्रेत काढणार नाही हे ठरवतो, गाव सोडायचे ठरवतो, मुलांनी काय व्हावे यात लुडबूड करायची नाही पण जे व्हाल त्यात पहिल्या नंबरचे व्हा, चोर झालात तरी, असे बजावायचे ठरवतो. बापाचे मोठेपण सोसण्यात शोधले की तो मुलाच्या यशाची पायरी होतो. निर्णयात शोधले की तो माणूस होतो.

या पुस्तकावर माझा आक्षेपही आहे. मुले बोलू लागतात तिथे लेखनाचा सूर बदलतो. पदव्या, पदे, परदेश येतात आणि बाप हळूहळू प्रमाणपत्रासारखा भिंतीवर जातो. ‘आन्’च्या पलीकडचे ‘आम्ही’ जड होते. इंग्रजीत जाधवांनी हीच कहाणी ‘आउटकास्ट’ (२००३) म्हणून पुन्हा लिहिली. तिथे दामू आणि सोनू आळीपाळीने बोलतात, म्हणजे आईलाही जागा मिळाली, हे मोठे काम. पण तिथले निवेदन घोटीव, कादंबरीसारखे आहे. वहीतला खडबडीतपणा त्यात उरत नाही. जगभरच्या वाचकासाठी ते करावे लागले असेल. तरी मला विचाराल तर मी मराठी पुस्तकातली बापाची पाने ठेवीन.

त्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी नात आहे. अपूर्वा, जाधवांची मुलगी, अमेरिकेत वाढलेली. तिचे छोटेसे टिपण पुस्तकाच्या अखेरीस येते आणि ते ओळखीबद्दल आहे, आपण कोण, आजोबांच्या लढ्याने आपल्याला काय दिले, याबद्दल. ते प्रामाणिक आहे. पण त्यात आजोबांचे हात नाहीत, असणे शक्यही नव्हते. तिच्यापर्यंत आजोबा गोष्ट म्हणूनच पोहोचले.

आमच्याकडे मात्र याबाबतीत एक उलटा प्रकार घडला आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी. स्मरणिकांमधली नातवंडांची मजकुराची पाने (कविता सोडून, कविता सगळ्या एकच आहेत) मुलांच्या लेखांपेक्षा पुष्कळदा सरस असतात. कारण सरळ आहे. गिरण्या बंद पडल्यावर, किंवा निवृत्तीनंतर, ही माणसे गावी परतली. मुलगा तोवर मुंबईत किंवा पुण्यात. मे महिन्यात नातवंडे गावी आली तेव्हा त्यांनी आजोबांना काम करताना पाहिले. नारळ सोलणे, चुडते विणून झाप करणे, हीर काढून केरसुणी बांधणे, पाट काढून माडाच्या अळ्यात पाणी लावणे, पावसाळ्याआधी पावळीची कौले परतणे. एका नातवाने दीड पान फक्त आजोबा नारळ कसे सोलायचे यावर लिहिले आहे. लोखंडी पहार जमिनीत कुठल्या तिरकेपणाने रोवायची, नारळ किती जोरात आदळायचा, सोडण तीन हिसक्यांत कशी सुटायची, आणि चौथा हिसका लागला तर आजोबा कसे चिडायचे. लेखात ‘कष्ट’ हा शब्द नाही. त्या स्मरणिकेत मोठ्या मुलाचा, म्हणजे या नातवाच्या वडिलांचा, पाच पानी लेख आहे. त्यातले मला काही आठवत नाही. तीन हिसके आठवतात.

आता ज्यांचे काम घरासमोर, गावासमोर चालायचे अशा बापांकडे येतो. मालवणच्या किनाऱ्यावर ते रापणकार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडत न्यायचे, दुसरे टोक पुन्हा किनाऱ्याला आणायचे, आणि दोन्ही बाजूंनी पंचवीस-तीस, कधी त्याहून जास्त माणसांनी दोर ओढत आणायचे. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम. यातली खरी विद्या ओढण्यात नाही, बघण्यात आहे. किनाऱ्यावर उभा असलेला जाणता माणूस पाण्याचा बदललेला रंग, पृष्ठभागावरची थरथर, पक्ष्यांचे झेपावणे यांवरून सांगतो की मासा कुठे आहे, बांगडा आहे की तारली, आणि जाळे आता टाकायचे की थांबायचे. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा. अनेक ठिकाणी जाळेही एकाचे नसते, भागीदारांचे असते. दोराला हात लावलेल्या म्हाताऱ्यालाही काही ना काही मिळते.

हे काम लपलेले नव्हते. मुलगा, नातू, गाव, सगळ्यांनी पाहिले, मुलांनी तर दोर ओढला. तरीही रापणकाराच्या स्मरणिकेत ते येत नाही. येते ते ‘समुद्राशी झुंज’, ‘लाटांशी दोन हात’. म्हणजे माझा वरचा सिद्धांत, की दिसलेले काम भाषेत येते, इथे अपुरा पडतो, आणि तो अपुरा का पडतो याचा विचार मी बराच केला. एक कारण मला असे दिसते, की रापण हे एकट्याचे काम नाही. स्मरणिकेला एकटा नायक लागतो. रापणीत तीस माणसांत तुमचा बाप कुठे उभा होता? दोराच्या कुठल्या टोकाला? त्याला एकट्याला वीर करायचे तर बाकीचे एकोणतीस पुसावे लागतात, आणि मग जाळेही पुसले जाते. उरतो एक माणूस आणि एक समुद्र, सिनेमाच्या पोस्टरसारखा. दुसरे कारण पैशाचे आणि मानाचे. ट्रॉलर, पर्ससीन, पुढे प्रखर दिव्यांची मासेमारी आली, किनाऱ्याजवळचा मासा कमी झाला, रापणकार आणि यांत्रिक बोटवाले यांचे संघर्ष मालवणने रस्त्यावर पाहिले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, त्यांच्या अंमलबजावणीचे भांडण पुढेही चालू राहिले. ज्या कामात मुलाला भविष्य दिसत नाही त्या कामाचा तपशील तो बापाच्या गौरवात कशाला घालेल? तो म्हणतो, बाबांनी आम्हाला यातून बाहेर काढले. बाहेर काढले, हे खरेच मोठे आहे. पण ज्यातून काढले ते काय होते, हे न सांगता बाहेर काढण्याला किंमत कशी येणार?

मी वाचलेल्या रापणकारांच्या स्मरणिकांत एकच अपवाद आहे आणि तो लेख मुलाचा नाही, भागीदाराचा आहे. त्याच रापणीत अनेक वर्षे दोर ओढलेल्या म्हाताऱ्याने सांगितलेला आणि कुणीतरी जसाच्या तसा मालवणीत उतरवून घेतलेला. पाऊण पान आहे. गेलेल्या माणसाचा स्वभाव त्यात दोन ओळींत उरकला आहे, बराचसा बरा नव्हता असेच सूचित केले आहे. बाकी सगळे एका दिवसाबद्दल आहे. सकाळपासून सगळे किनाऱ्यावर बसलेले, मासा दिसत नाही, लोक उठून जाऊ लागले. हा एकटा उभा. बस म्हटले तरी बसेना. दुपार कलल्यावर त्याने हात वर केला, होडी सुटली, आणि जाळे आले ते ओढवेना इतके जड. वाटे पडले तेव्हा उठून गेलेल्यांनाही द्यायचे की नाही यावर वाद झाला. त्याने द्यायला लावले, आणि त्याचे कारण सांगितले ते असे, की उद्या उठून जाणारा मी असेन.

संपादकांनी या लेखाला शेवटून दुसरे पान दिले आहे, ज्वेलर्सच्या जाहिरातीच्या वर.